मुलगा चौदाचा झाला, उंची का वाढत नाही?

नववीतला मुलगा. चौदावं नुकतंच पूर्ण झालेलं, उंची 143 सेंटिमीटर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आईने बसता बसताच सांगितलं, "मॅडम, बारा वर्षांची धाकटी बहीण याच्यापेक्षा चार बोटं उंच झाली, आणि हा आहे तिथेच." घरात उंचीच्या पावडरचा तिसरा डबा सुरू होता आणि दाराच्या चौकटीत लटकायला दांडा बसवला होता.

मुलगा आई-वडिलांसमोर गप्प होता. एकटा बसल्यावर दोन गोष्टी बोलला. कबड्डीत त्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात आणि फोन उचलला की पलीकडचा माणूस 'मॅडम' म्हणतो. ही दुसरी गोष्ट फार कामाची. आवाज फुटलेला नाही, म्हणजे वयात येणं अजून फारसं पुढे सरकलेलं नाही, आणि मुलांच्या उंचीची मोठी उसळी त्याच्या मधल्या टप्प्यावर येते. मुलींचं उलट आहे. त्यांची उसळी वयात येण्याच्या सुरुवातीलाच, सरासरी साडेअकरा-बाराच्या सुमारास येते. मुलांची साडेतेरा-चौदाच्या आसपास, आणि तेव्हा वर्षाला 9-10 सेंटिमीटर वाढ होते. म्हणून बारा वर्षांची बहीण भावाच्या पुढे जाणं हे दुखणं नव्हे. दोघांना पाठीला पाठ लावून पाहुण्यांसमोर उभं करणं मात्र त्याच दिवशी बंद करायला सांगितलं.

आता खरा प्रश्न: तो कमी उंच आहे, की वाढतच नाही? यासाठी आजच्या उंचीपेक्षा वर्षाला किती वाढ झाली ते पाहावं लागतं. आईला जुनी प्रगतिपुस्तकं आणायला सांगितली, कारण त्यांत उंची-वजनाचा रकाना असतो. आकडे निघाले: पाचवीत 123.5, सहावीत 130, सातवीत 133, आठवीत 138. सहावीचा आकडा मध्येच फुगलेला दिसतो. त्या वर्षी बुटांसकट मोजलं होतं, हे मुलालाच आठवलं. तो आकडा वगळला, तर वर्षाला पाचेक सेंटिमीटरची वाढ सरळ दिसत होती. वयात येण्याच्या आधी वेग थोडा मंदावतोच, त्यामुळे हा वेग समाधानाचा होता.

घरी मोजायचं तर अनवाणी, भिंतीला तळाशी पट्टी नसलेल्या जागी. टाचा, कुल्हे, खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात दाबून धरायचं, पेन्सिलीची खूण करायची आणि स्टीलच्या टेपने मोजायचं. तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. वेळ दर खेपेला तीच ठेवायची, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. दांड्याला लटकून 'वाढलेली' उंची याच चकत्यांची असते, ती काही तासांत जाते. दर महिन्याला मोजू नये. महिन्याची वाढ अर्धा सेंटिमीटरही नसते, मोजण्यातली चूक त्याहून मोठी निघते. सहा महिन्यांनी मोजावं.

मग वडिलांना विचारलं. त्यांची उंची 168, आईची 155. मुलाची मोठेपणीची अंदाजे उंची काढायला दोघांची बेरीज करून त्यात 13 मिळवायचे आणि निम्मे करायचे: 168. त्याच्या खाली-वर आठेक सेंटिमीटर धरायचे. वडील सहज म्हणाले, "मी तर दहावीनंतर वाढलो." तपासणीपेक्षा हे एक वाक्य जास्त सांगून गेलं. उशिरा वयात येणं बहुधा घराण्यातच असतं.

बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, तिथे डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे झाला. हाडांचं वय 12 निघालं. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात, लांबी तिथेच वाढते. वयात येताना वाढणारं इस्ट्रोजेन, मुलांमध्येसुद्धा, शेवटी त्या पट्ट्या बंद करतं. हाडं दोन वर्षं मागे, म्हणजे वाढायला तेवढा वाव शिल्लक. ओळखीच्या जिममध्ये कुणी पुरुषी हार्मोनचं (टेस्टोस्टेरॉनचं) इंजेक्शन सुचवलं, तर म्हणूनच ठाम नकार द्यावा. त्याचं काही प्रमाणात शरीरात इस्ट्रोजेनच होतं. पट्ट्या लवकर बंद झाल्या की अंतिम उंची घटते. काही मुलांना तज्ज्ञ मोजक्या महिन्यांसाठी अगदी कमी मात्रा देतात, पण तो निर्णय तपासण्यांनंतर त्यांचाच.

पावडर थांबवली. मुलगा पावणेसातला उपाशी शाळेला जायचा आणि दीडला जेवायचा, खरी उणीव ती होती. निघण्यापूर्वी दोन अंडी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ आणि दूध, डब्यात भाजी-पोळीसोबत उसळ. रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत, कारण वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त स्रवतं.

मात्र चौदा वर्षं पूर्ण होऊनही मुलामध्ये वयात येण्याचं एकही चिन्ह नाही (पहिलं चिन्ह म्हणजे अंडकोषांचा आकार वाढणं, आणि ते मुलाच्याही सहज लक्षात येत नाही), मुलीत तेरापर्यंत स्तनांची वाढ सुरू नाही, वर्षाला 4 सेंटिमीटरहून कमी वाढ, सततची डोकेदुखी, नजरेत फरक, वास न येणं, वारंवार जुलाब, यातलं काहीही असेल तर वाट पाहत बसू नये. थायरॉइडपासून मेंदूतल्या ग्रंथीपर्यंत कारणं असू शकतात. या मुलात पहिलं चिन्ह डॉक्टरांना तपासणीत दिसलं होतं.

डिसेंबरात आई आली ती तक्रार घेऊनच: जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीलाच आखूड झाले. पंजे आधी वाढतात, मग पाय, धड सगळ्यांत शेवटी. भिंतीवरची नवी खूण जूनच्या खुणेपेक्षा 3 सेंटिमीटर वर होती.