अठराव्या वर्षी ईएमटीचं कार्ड आलं, नोकरी का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा १८ वर्षांचा. न्यू जर्सीत जूनमध्ये हायस्कूल संपलं. शेवटच्या वर्षात ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, रुग्णवाहिकेवर पेशंटची पहिली काळजी घेणारा) कोर्स केला, नॅशनल रजिस्ट्रीची, म्हणजे देशपातळीवरची परीक्षा पहिल्याच खेपेला पास झाला, राज्याचं कार्डही आलं. नऊ ठिकाणी अर्ज केले. सात ठिकाणी चिडीचूप, दोन ठिकाणी "वय २१ हवं." मग कार्ड दिलंच कशाला, असं तुम्ही वैतागून विचारलंय. वैताग रास्त आहे.

मी मध्य जर्सीतल्या एका स्वयंसेवी स्क्वॉडवर, म्हणजे गावच्या बिनपगारी रुग्णवाहिका पथकावर, १४ वर्षं आहे. दिवसा बँकेचं सॉफ्टवेअर, बुधवारी रात्री अ‍ॅम्ब्युलन्स. त्यातली सहा वर्षं नवीन मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या आहेत, आणि त्याच्या आधी दीड वर्ष शनिवार-रविवार पगारी ट्रान्सपोर्टही (पेशंटची ठरलेली ने-आण) केलंय. तेवढ्या भांडवलावर लिहितेय. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी वयाचे नियम आपापल्या राज्याचे बघावेत. आमच्याकडे ईएमटी सोळाव्या वर्षीही होता येतं, कॅलिफोर्नियात १८ लागतात.

आधी त्या २१ चं बघू. ती अट आरोग्य खात्याची नाही, बहुतेक वेळा गाडीच्या विमा कंपनीची असते. बेसिक अ‍ॅम्ब्युलन्सवर दोघं असतात, एक गाडी चालवतो, एक मागे पेशंटजवळ बसतो, आणि पुढच्या कॉलला अदलाबदल होते. ज्याला स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नाही, तो बारा तास मागेच. त्याचा जोडीदार बारा तास पुढेच. असे दोन पोरगे एका शिफ्टला पडले की गाडी जागची हलत नाही. शिफ्ट लावणाऱ्या माणसाला मुलाच्या मार्कांशी काही घेणं नसतं, त्याला हे कोडं सोडवायचं असतं. म्हणून मुलाने फोन करून पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमच्या विम्यात ड्रायव्हरचं किमान वय किती? कुठे १८ आणि स्वच्छ रेकॉर्ड चालतं, कुठे १९, कुठे २१. जिथे २१ आहे तिथेही "मी फक्त मागे बसायला तयार आहे, रात्रीच्या आणि सुट्टीच्या शिफ्टसुद्धा घेईन" असं म्हणणाऱ्याला कंपनीने घेतलेलं मी पाहिलंय. अर्जात नुसतं "ईएमटी, वय १८" लिहिलं तर ते कोडं त्यांच्या गळ्यात पडतं, आणि मग अर्ज कचऱ्यात.

लायसन्सचंही बघा. मोटर व्हेइकल कमिशनमध्ये (इथलं आरटीओ) जाऊन प्रोबेशनरीचं, म्हणजे नवशिक्याच्या लायसन्सचं, बेसिक म्हणजे पूर्ण लायसन्स करून घेतलंय का? १८ पूर्ण आणि प्रोबेशनरीवर वर्ष झालं की ते मिळतं, पण पोरं आळस करतात आणि नंबरप्लेटवर नवशिक्याचं लाल स्टिकर लावून मुलाखतीला येतात. ड्रायव्हिंग रेकॉर्डचा उतारा आधीच काढून ठेवा. वेगाचं एक तिकीट इथे केमिस्ट्रीतल्या सी ग्रेडपेक्षा महाग पडतं.

आता मुलाला कदाचित आवडणार नाही ते सांगते. त्याने अर्ज कुठे केले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज करते: ९११ चे (इथला तातडीच्या मदतीचा नंबर) कॉल घेणाऱ्या शहरी सेवा आणि हॉस्पिटलची इमर्जन्सी रूम. सगळे तिथेच करतात. इमर्जन्सी रूममधल्या टेक्निशियनच्या जागेला बहुतेक वर्षभराचा अनुभव मागतात. १८ वर्षांच्या मुलाला दार उघडं असतं ते ट्रान्सपोर्ट कंपन्यांचं: नर्सिंग होममधून डायलिसिसला, डायलिसिसहून परत, हॉस्पिटलमधून डिस्चार्ज झालेल्या आजोबांना तिसऱ्या मजल्यावरच्या घरी. सायरन नाही, लाल दिवे नाहीत. पोरं नाक मुरडतात. मीही मुरडलं होतं.

पण काम शिकायला ती जागा उत्तम. डायलिसिसचा पेशंट आठवड्यातून तीनदा भेटतो, सोमवार-बुधवार-शुक्रवार किंवा मंगळवार-गुरुवार-शनिवार. तेच आजोबा, तोच ब्लडप्रेशर, तीच नाडी. महिन्याभरात मुलाला त्यांचं "नेहमीचं" पाठ होतं, आणि मग एके दिवशी ते जरा गप्प, जरा घामेजलेले दिसले की आकडा बघायच्या आधीच त्याच्या पोटात काहीतरी हलतं. ते परीक्षेतून येत नाही. रजिस्ट्रीची परीक्षा कॉम्प्युटरवर, दोन तासांची, ७० ते १२० प्रश्नांची. तुम्ही कसे उत्तर देताय त्यावर ती पुढचा प्रश्न ठरवते आणि सत्तरनंतर कधीही संपते. ठीक आहे, पण ती घामेजत नाही. मी शिकवत असलेल्या एका हुशार मुलीने पहिल्याच दिवशी डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) असलेल्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला, जो त्या हाताला कधीच बांधायचा नसतो. पुस्तकात ते वाक्य तिने पिवळ्या रंगाने अधोरेखित केलेलं होतं. आजींनी शांतपणे हात मागे घेतला आणि दुसरा पुढे केला. आता ती कधी विसरणार नाही.

उचलणं हेही तिथेच येतं. बॅटरीवर चालणारा स्ट्रेचरच रिकामा सुमारे १२५ पौंडांचा असतो, त्यावर माणूस. कंपनी मुलाखतीच्या दिवशी वजन उचलायला लावते, जिन्याच्या खुर्चीवरून माणूस खाली आणायला लावते. कंबरेतून नाही, गुडघ्यांतून. व्यायामशाळेत दंड फुगवलेली पोरं इथे दमलेली पाहिली आहेत आणि पाच फुटांच्या मुली जिना सहज उतरलेल्या पाहिल्या आहेत.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते, कारण यात १८ वर्षांचं पोर फसतं. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) असल्या ठरलेल्या फेऱ्यांचे पैसे तेव्हाच देतं, जेव्हा दुसऱ्या वाहनाने नेणं पेशंटच्या प्रकृतीला धोक्याचं असेल. "बेडला खिळलेला" या शब्दाची व्याख्या तिथे पक्की आहे: मदतीशिवाय उठता येत नाही, चालता येत नाही, आणि खुर्चीतही बसता येत नाही. तिन्ही हवं. या फेऱ्यांत इतका गैरव्यवहार झाला की डिसेंबर २०१४ पासून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायनात मेडिकेअरने आधी मंजुरी घ्यायची पद्धत सुरू केली. मी जिथे होते तिथे एक पेशंट स्वतःच्या पायांनी चालत गाडीपर्यंत यायचे, वर मला हात करायचे. आणि सुपरवायझर म्हणायचा, "रिपोर्टमध्ये चालत आले असं लिहू नकोस." मी लिहिलं. पुढच्या महिन्यात माझ्या शिफ्ट कमी झाल्या, त्याच्या पुढच्या महिन्यात मी सोडलं. मुलाला सांगा, रिपोर्टखाली सही त्याची असते, सुपरवायझरची नसते. असं कुणी सांगितलं तर वाद घालत बसू नये, खरं लिहावं आणि दुसरी नोकरी शोधायला लागावं. सगळ्या कंपन्या अशा नाहीत, चांगल्या पुष्कळ आहेत.

पगाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. कमी आहे. गोदामात खोकी उचलणाऱ्याला कधीकधी जास्त मिळतात. पुढे मेडिकल स्कूलला जायचंय म्हणून तो हे करत असेल, तर क्लिनिकल तास (प्रवेशासाठी मोजला जाणारा पेशंटबरोबरचा अनुभव) म्हणून हे चांगलं आहे, घर चालवायला नाही. कॉलेज चालू असताना करायचं तर विद्यापीठाची स्वतःची सेवा आहे का ते बघा. इथल्या रटगर्स विद्यापीठात विद्यार्थी ईएमटी म्हणून काम करतात.

दुसरा रस्ता स्क्वॉडचा, आणि इथे मी पक्षपाती आहे. जर्सीची रचना वेगळी आहे: पॅरामेडिक (ईएमटीपेक्षा वरचं प्रशिक्षण घेतलेले) हॉस्पिटलच्या कार्यक्रमाखाली वेगळ्या गाडीतून येतात, आणि घरात बहुतेक आधी पोचतात ते बेसिकवाले, म्हणजे ईएमटी, गावोगावी त्यात अजूनही स्वयंसेवक बरेच. म्हणजे १८ वर्षांच्या मुलाला ९११ चा खरा कॉल बघायचा असेल तर तो पगाराशिवाय, स्क्वॉडवर, आठवड्यातून एक रात्र मिळेल. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचा खर्च भरून देणारा राज्याचा निधीही आहे. वर्षभर स्क्वॉड आणि ट्रान्सपोर्ट दोन्ही केलं, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याचा अर्ज कचऱ्यात जाणार नाही.

आपल्यातल्या काही घरांसाठी: मुलगा एच-फोर व्हिसावर (एच-वन बी वर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर पगारी काम करताच येत नाही. एच-फोरचं वर्क परमिट काही जोडीदारांना मिळतं, मुलांना नाही. तेव्हा स्वयंसेवाच. आणि काही स्क्वॉड स्वयंसेवकांना कॉलमागे थोडे पैसे किंवा वर्षांच्या सेवेमागे लाभ देतात, ते घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. पन्नास डॉलरसाठी स्टेटस घालवू नका.

रेझ्युमे एक पान. हेल्थकेअरवाल्यांचं सीपीआर कार्ड चालू आहे ना ते बघा, त्याची मुदत दोन वर्षं असते. हेपेटायटिस बीचे डोस, टीबीची तपासणी, ही कागदं तयार असली की सोमवारी बोलावलं तर सोमवारी रुजू होता येतं. फेमाचे (केंद्राचं आपत्ती व्यवस्थापन खातं) आयएस-१०० आणि आयएस-७०० हे कोर्स ऑनलाइन फुकट आहेत, एका रविवारी होतात. डिबेट क्लब गाळा. लाइफगार्डचं काम केलं असेल तर वर आणा, पिझ्झाच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत उभं राहिला असेल तर तेही. आणि भाषा लिहायला विसरू नका! जर्सीतल्या एडिसन-इसेलिनच्या देशी पट्ट्यात मराठी, हिंदी, गुजराती बोलणारा ईएमटी म्हणजे सोनं. मुलीकडे राहायला आलेल्या एक बाई इंग्रजीत सगळ्यांना "नो प्रॉब्लेम, ओन्ली गॅस" म्हणत होत्या. मी मराठीत विचारलं, "काकू, कधीपासून?" तेव्हा म्हणाल्या, "अगं सकाळपासून जबडा दुखतोय, घाम फुटलाय, पण अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल जावयाला पडेल." गॅस नव्हता. पॅरामेडिकांनी ईसीजी काढला आणि आम्ही सायरन लावून निघालो.

बाय द वे, पुण्याच्या नातेवाइकांना हे समजावणं सोडून द्या. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, त्यामुळे "अ‍ॅम्ब्युलन्सवर आहे" म्हटलं की त्यांना एकतर डॉक्टर वाटतो नाहीतर ड्रायव्हर. माझी आत्या चौदा वर्षं लोकांना सांगतेय की मी नर्स आहे.

आता शेवटचं, रागावू नका. तुमच्या प्रश्नात "आम्ही नऊ ठिकाणी अर्ज केले", "मी दोनदा फोन केला" असं आहे. तुम्ही फोन करणं बंद करा. आई फोन करते म्हणजे रात्री तीनला दारू प्यालेल्या माणसाशी हा काय बोलणार, असं समोरचा लगेच मनात म्हणतो. मी स्वतः असे दोन अर्ज बाजूला ठेवले आहेत, खोटं कशाला बोलू. फोन त्यानेच करायचा, अडखळला तरी. मुलाखतीत बहुतेक प्रसंग देतात: आजी पडल्या आहेत, न्यायला नको म्हणतात, काय कराल? झरझर उत्तर देणाऱ्यापेक्षा "आधी त्यांच्याजवळ खाली बसेन, नाव विचारेन" म्हणणारा मला आवडतो. आणि कुठल्याही पेशंटचा फोटो, पत्ता, किस्सा इन्स्टाग्रामवर नाही. कॉलेजच्या निबंधातसुद्धा ओळख पटेल असं काही नाही.

ओळख लावून द्याल का, असं विचारलंत. माझ्या स्क्वॉडवर मी कुणाचीच शिफारस करत नाही, पण बुधवारी संध्याकाळी सातला आम्ही गाडीतलं सामान तपासतो आणि बघायला कुणीही येऊ शकतं. तुमचं गाव जवळ असेल तर मला निरोप करा, पत्ता देते. काळी पँट, बंद बूट, आणि फोन खिशात. स्वतः गाडी चालवत आला तर उत्तम. तुम्ही सोडायला आलात, तर कृपा करून गाडीतच थांबा, मी चहा बाहेर आणून देईन.