रोज जोर लावूनही वेळ का कमी होत नाही?

प्रश्न : वय 20. पोलीस भरतीची तयारी करतोय. दोन महिन्यांपासून रोज पहाटे घड्याळ लावून 1600 मीटर पूर्ण जोरात पळतो. साडेसहा मिनिटांवरून सहावर आलो, पण त्याखाली उतरतच नाही. वर नडग्या दुखायला लागल्या आहेत.
— वाचक, ता. चोपडा

उत्तर : तुम्ही रोज चाचणी देताय, सराव राहूनच जातोय. जोरात पळाल्यावर स्नायू थकतात. ताकद वाढते ती नंतरच्या एक-दोन दिवसांच्या आरामात. तो मिळायच्या आत तुम्ही पुन्हा मैदानावर हजर.

आधी नडगीचं बघा. आतल्या कडेवरून बोट दाबत खाली या. वीतभर पट्टा दुखत असेल तर तो अतिताण आहे. पण एकाच जागी, बोटाच्या टोकाएवढं, टोचल्यासारखं दुखत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते आणि ती सुरुवातीच्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात, म्हणून तयारीच्या पोरांच्या नडग्या आधी बोलतात. त्यात डांबरी रस्त्याच्या कडेने पळत असाल तर तिथे उतार असतो, एक पाय कायम खाली पडतो. शाळेचं मैदान बरं. उन्हाळ्यात भेगाळलेलं काळ्या मातीचं शेत नको, घोटा मुरगळतो.

अतिताणच असेल तर दोन आठवडे पळण्याऐवजी सायकल चालवा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा उचला आणि तीन आकडे मोजत खाली आणा. 15 वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. एका पायावर दहा उड्या मारल्या तरी दुखत नाही, तेव्हा पळायला लागा.

मग आठवडा असा ठेवा. मंगळवारी 400 मीटरच्या पाच फेऱ्या, प्रत्येकी 85 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. सध्या तुमची फेरी सरासरी 90 सेकंदांची आहे, त्यामुळे 85 जमेल. शुक्रवारी 200 मीटर आठ वेळा, 40 सेकंदांत. रविवारी पाच-सहा किलोमीटर, पण शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं सावकाश. (हे सावकाश पळणं कुणालाच आवडत नाही, सगळे यातच चोरी करतात.) बुधवारी आणि शनिवारी बैठका, जोर, गोळाफेक. सोमवार, गुरुवार आराम. तीन आठवडे एकेक फेरी वाढवा, चौथ्या आठवड्यात एकतृतीयांश काम कमी करा आणि त्याच्या शेवटी एकदाच 1600 ची वेळ घ्या.

त्या दिवशी पहिली फेरी 75 सेकंदांत मारू नका. चाचणी बिघडते ती तिसऱ्या फेरीत, पण तिचं कारण पहिल्या फेरीत असतं.

खाण्याचं विचारलं नाहीत, तरी सांगतो : पळण्याआधी अर्धा तास एक केळ पुरे. रावेर-यावलच्या शेजारी राहून त्यासाठी पावडरचा डबा कशाला?

प्रश्न : वय 54. वर्षभर रोज तासभर चालते, तरी जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो.
— वाचक, धुळे

उत्तर : शरीर ज्याचा सराव कराल तेच शिकतं. चालण्याने हृदयाला आणि दमाला फायदा झालाच, पण मांड्यांवर उठण्याइतका भार कधी पडला नाही. चालणं अर्धा तास करा आणि उरलेल्या वेळात एक दिवसाआड हे करा : खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी बांधा, तीन आकडे मोजत बसा आणि उठा. दहा वेळा, दोन फेरे. उठताना श्वास रोखू नका, सोडा. बारा वेळा सहज जमलं की बैठक चार बोटं खाली आणा. पुढे चौरंगावर या. गुडघा त्या वेळी थोडा कुरकुरला तर चालेल. दुसऱ्या दिवशी सुजला तर मात्र बैठक पुन्हा उंच करा.

प्रश्न : मे महिन्यात पळणं बंद ठेवावं का?
— वाचक, भुसावळ

उत्तर : नाही, पण सातच्या आत घरी या. उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिले काही दिवस 20 मिनिटंच पळा आणि थंडीतल्या वेळेशी स्पर्धा करू नका. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय. खूप घाम गेला तर ओआरएस घ्या. पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, चवीसाठी कमी-जास्त नाही. चक्कर, अंगावर काटा किंवा मळमळ आली की सावलीत बसा. सोबतचा असंबद्ध बोलू लागला तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत त्याला लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.