शिवणाचा पहिला डबा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: लग्नानंतर आम्ही घोडबंदर रोडवर राहायला आलो. सासूबाईंचे जुने, पण चालू स्थितीतले शिवणयंत्र आता माझ्याकडे आले आहे. मला हातशिलाईही अजून नीट येत नाही. साडीचा फॉल लावणे, ब्लाउज उसवून सैल करणे, पडदे शिवणे इथपासून सुरुवात करायची आहे. शंभराहून अधिक वस्तूंचा तयार संच ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळतो. तो घ्यावा की एकेक वस्तू जमवावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर: तयार संच घेऊ नये, असे मी आपणांस स्पष्टपणे सांगेन. अशा डब्यात तीस-चाळीस रंगांची रिळे दिसतात, पण प्रत्येक रिळावर दोरा इतका थोडा असतो की एका परकराची शिलाईही त्यात पुरी होत नाही. सुयांवर क्रमांक नसतो, आणि कात्री दोरा तोडण्यापुरतीच कामाची असते. तेवढ्याच पैशांत मोजक्या, पण चांगल्या वस्तू येतात आणि त्या पुष्कळ वर्षे टिकतात.

सर्वांत जास्त खर्च कात्रीवर करावा. कापड बेतण्यासाठी 8 किंवा 9 इंची कात्री नवशिक्या हाताला पुरते. 10 इंची कात्री शिंप्याच्या हातात शोभते, पण सवय नसेल तर मनगट दुखवते. जिची मूठ किंचित वर वळलेली आहे अशी कात्री निवडावी, म्हणजे खालचे पाते टेबलाला टेकून सरकते आणि कापड उचलले जात नाही. दुकानातच मलमलच्या तुकड्याची दुहेरी घडी करून ती पात्यांच्या अगदी टोकाने कापून पाहावी. टोकाशी कापड चावले गेले किंवा दोन पात्यांत दुमडले गेले, तर कात्री कितीही चकचकीत असली तरी परत ठेवावी. मेरठच्या कात्र्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यांना पुन्हा पुन्हा धार लावून घेता येते, हा त्यांचा मोठा गुण. आपण डावखुऱ्या असाल तर डाव्या हाताची वेगळी कात्री मिळते, तीच मागावी. एकदा घरी आणली की या कात्रीने कागद, दुधाची पिशवी, कुरिअरचे पाकीट यांपैकी काहीही कापू नये, आणि घरातल्या प्रत्येकाला तसे बजावून ठेवावे. दोरे तोडायला लहान कात्री वेगळी असावी.

त्यानंतर सुया. हाताच्या सुयांचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि यंत्राच्या सुयांचे नेमके याच्या उलट असते. हा फरक ध्यानात न आल्याने पुष्कळांची खरेदी चुकते. बटणे, हूक व जाड कापड यांसाठी हाताची 5 ते 7 क्रमांकाची, तर फॉल आणि ब्लाउजची हातशिलाई यांसाठी 9 किंवा 10 क्रमांकाची सुई घ्यावी. यंत्रासाठी साध्या सुती कापडाला 14 क्रमांक, तलम कापडाला 11 आणि जीन्ससारख्या जाड कापडाला 16 किंवा 18 क्रमांक लागतो. पाकिटावर 90/14 असे छापलेले असते, त्यातील 90 म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलिमीटर. खरेदीला जाताना यंत्रातली जुनी सुई काढून सोबत न्यावी, कारण घरगुती यंत्राच्या सुईच्या दांड्याची एक बाजू चपटी असते, तर कारखान्यातल्या यंत्राची सुई गोल दांड्याची असते, आणि दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. सुई बसवताना तिच्या अंगावरची लांब खाच पाहावी. ज्या बाजूला ती खाच असते त्याच बाजूने नेढ्यात दोरा ओवायचा असतो. बॉबिन, म्हणजे यंत्रातल्या खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी, हीही नमुन्यादाखल सोबत असू द्यावी, आणि तशाच पाच-सहा जास्तीच्या घ्याव्यात.

दोऱ्याची रिळे पांढरी, काळी आणि मोतिया अशी तीनच घरात ठेवावीत. बाकीचे रंग कापडाप्रमाणे आणावेत. दोरा हातभर ओढून उजेडात धरावा. त्यावर बारीक लव दिसली किंवा मध्येच गाठीसारखा जाडपणा जाणवला, तर तो यंत्रात तुटत राहणार. मॅचिंग सेंटरमध्ये रंग जुळवताना कापडाचा तुकडा घेऊन दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात यावे आणि रिळावरून दोऱ्याचा एकच पदर कापडावर टाकून पाहावा. रिळावरचा रंग गडद भासतो, पण एकटा पदर फिका दिसतो, म्हणून नेमकी छटा न मिळाल्यास एक छटा गडद घेणे बरे.

मोजण्याची टेप 60 इंची, न ताणली जाणारी असावी, आणि बेतण्यापासून शिवण्यापर्यंत एकच वापरावी. टाचण्या, खडू, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी) आणि शिवण उसवण्याचे रिपर या गोष्टी थोड्या पैशांत येतात. मेणासारखा खडू मात्र आधी त्याच कापडाच्या कातरणीवर ओढून इस्त्री फिरवून पाहावा, कारण काही कापडांवर त्याचा तेलकट डाग राहतो. आपल्याला ब्लाउज सैल करायचे आहेत, तेव्हा रिपर लागेलच. तो जोराने सरकवण्याऐवजी दर तीन-चार टाक्यांनंतर एक टाका तोडावा आणि उलट्या बाजूचा दोरा अलगद ओढून घ्यावा, म्हणजे कापड फाटत नाही.

हे सारे सामान ठाण्यात स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंतच्या बाजारात मिळते. सणांच्या आधीची गर्दी टाळून गेल्यास दुकानदार नमुना पाहून नीट जुळवून देतात. गोल पात्याचा कटर, नाना प्रकारचे प्रेसर फूट (सुईखाली कापड दाबून धरणारे यंत्राचे पाय) आणि कापडी पुतळा यांची आपल्याला सध्या गरज नाही.

प्रश्न: टी-शर्टचे कापड शिवताना मध्ये मध्ये टाके सुटतात आणि शिवणीलगत बारीक भोके पडतात. यंत्र बिघडले असेल का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर: यंत्र दुरुस्तीला देण्याआधी सुई बदलून पाहावी. होजियरीचे कापड विणलेल्या फासांचे असते. टोकदार सुई तो फासा तोडते, तर बॉलपॉइंट सुईचे गोलसर टोक फाशांच्या मधून वाट काढते. सुती कापडावरही शिवताना टकटक असा आवाज येऊ लागला तर सुई बोथट झाली असे समजावे. साधारण 8 तासांच्या शिवणकामानंतर ती बदलणे चांगले.

प्रश्न: आमचे घर खाडीजवळ आहे. पावसाळ्यात सुया-टाचण्यांना गंज चढतो. काय करावे? – एक वाचक, वाशी

उत्तर: सुया मूळ पाकिटातच, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि नव्या चपलांच्या खोक्यात येते तशी सिलिका जेलची पुडी त्यात टाकावी. सुया खोचण्याच्या उशीत कापसाऐवजी लोकर भरावी, कारण कापूस दमट हवेतला ओलावा धरून ठेवतो. गंजलेली सुई पांढऱ्या कापडात खुपसू नये. तो डाग साबणाने जात नाही. यंत्राला शिवणयंत्राचेच तेल द्यावे, खोबरेल देऊ नये, कारण ते थंडीत थिजते आणि यंत्र जड चालते. तेल दिल्यावर आधी चिंधीवर दोन-तीन टिपा माराव्यात, म्हणजे जास्तीचे तेल तिच्यावर उतरते.