तैशो राजकारणावर पीएचडी: एन१ साठी थांबायचं का?

इतिहासात एम.ए., जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन२ पातळी, आणि जपानच्या तैशो काळातल्या (1912–1926) पक्षीय मंत्रिमंडळांवर पीएचडी करायची आहे. एन१, म्हणजे तिची सर्वांत वरची पातळी, होईपर्यंत थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. एन१ लागेलच, पण ती आजच्या छापील जपानीची, पर्यायी प्रश्नांची परीक्षा. या विषयात माणसं अडतात ती हस्तलिखित पत्रांपाशी. भाषा सोरोबुन, म्हणजे पत्रव्यवहाराची जुनी लेखी शैली; अक्षर कुझुशिजी, म्हणजे जुनं घसटं वळण. मोडीशी झटापट केली असेल तर दुखणं लगेच कळेल.

सुरुवात छापील साधनांनी करा. शाही संसदेची (1890–1947) इतिवृत्तं राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मग पंतप्रधान हारा ताकाशींची रोजनिशी घ्या. तिची छापील आवृत्तीही आहे आणि हस्ताक्षराची छायाप्रतही. आधी छायाप्रतीवरून पान स्वतः उतरवायचं, मग छापील पानाशी ताडायचं. उलट केलंत तर डोळा आळशी होतो. कुझुशिजी वाचून देणारं 'मिवो' ॲप हाताशी असू द्या, पण ते मुख्यतः एदोकालीन (मेजीपूर्व) छापील पुस्तकांवर तयार झालंय. घाईत खरडलेल्या पत्रावर वाट्टेल ते सांगतं.

खरी मेख तारखेत आहे. खाजगी पत्रावर बहुधा महिना आणि दिवस असतो, वर्ष नसतं. टपालाचा शिक्का बघावा, तर पाकीट भलत्याच पत्राचं असू शकतं. मग मजकुरातली पदं, प्रवास, आजारपणं, अधिवेशनं जुळवून वर्ष काढायचं. छापील पत्रसंग्रहात संपादकाने कंसात दिलेलं वर्ष हे अनुमानच असतं; ते पक्कं धरून अख्खं प्रकरण रचलं, की एका चुकीच्या वर्षाने सगळं कोसळतं. तैशोआधीच्या मेजी काळाच्या (1868–1912) आरंभापर्यंत मागे गेलात तर मेजी 5 च्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस म्हणजेच 1 जानेवारी 1873. त्याआधीच्या तारखा चांद्र, त्या रूपांतर करूनच वापरा.

विषय कागद बघून ठरवा. तोक्योत नागाताचोला राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या केन्सेइ शिर्योशित्सुमध्ये (आधुनिक राजकीय इतिहासाच्या कागदपत्रांचा कक्ष) राजकारण्यांचे खाजगी संग्रह आहेत. त्यांच्या सूची आधी ऑनलाइन चाळा. एखाद्याने लिहिलेली पत्रं त्याच्या नव्हे, ती ज्यांना गेली त्यांच्या संग्रहात शोधायची, हे नवखे हमखास विसरतात. परराष्ट्र आणि लष्करी दप्तरातलं बरंच काही आशियाई ऐतिहासिक नोंद केंद्राच्या साइटवर घरबसल्या मिळतं.

जपानी दूतावासामार्फत मेक्स्ट (जपानचं शिक्षण मंत्रालय) शिष्यवृत्तीचा अर्ज करताना आराखड्यात 'तैशो लोकशाही' असं मोघम लिहू नका. कुठला संग्रह, कुठली वर्षं, कुठला प्रश्न, ते लिहा.

नोकरीचं म्हणाल, तर भारतात निव्वळ जपानी इतिहासाची पदं फार थोडी. चीन-कोरियाही शिकवता येतील एवढी तयारी ठेवा, आणि नेट आताच देऊन टाका.