निवृत्तीची ठेव मोडून पत्त्यांचे जुने संच घ्यावेत का?

प्रश्न : मी ५२ वर्षांची शिक्षिका असून निवृत्तीला आठ वर्षे आहेत. लहान मुलांसाठी निघालेले पत्त्यांचे जुने सचित्र खेळ मी बरीच वर्षे जमवते आहे. एका दिवंगत संग्राहकाचे वारस त्यांचे १४० संच एकरकमी विकू इच्छितात. त्यासाठी मला मुदत ठेवीतील साठ टक्के रक्कम काढावी लागेल. ही गुंतवणूक योग्य ठरेल का?

उत्तर : ठेव मोडून संपूर्ण संग्रह घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील निवडक संच मात्र आपण अवश्य घ्यावेत आणि त्यांची नोंद स्वतःच्या हिशेबात गुंतवणूक म्हणून न करता खर्च म्हणून करावी.

ठेवीवर दरवर्षी व्याज मिळते, घराचे भाडे येते. पत्त्यांचा संच कपाटात असेपर्यंत काहीच देत नाही. जो फायदा व्हायचा तो विक्रीच्या दिवशीच, आणि तोही खरेदी-विक्रीतील तफावत भरून निघाली तरच. समजा, १०० ला घेतलेला संच लगेच विकायला काढला आणि व्यापाऱ्याचा नफा किंवा लिलावाचे कमिशन वजा जाता ६० हाती आले. मग केवळ मुद्दल सुटण्यासाठी त्याची किंमत सुमारे ६७ टक्क्यांनी वाढावी लागेल. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली, तर त्याला साडेदहा वर्षे लागतील, आणि तेवढ्याच काळात ५ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवीतील १०० चे १६७ झालेले असतील. आपल्या हाती तर आठच वर्षे आहेत. शिवाय आजारपणात पैसे लागले, तर ठेव त्याच दिवशी मोडता येते. संचाला मात्र त्याची कदर असणारा गिऱ्हाईक भेटेपर्यंत थांबावे लागते, आणि घाईच्या विक्रीत भाव पडतोच.

एकरकमी खरेदीतील दुसरा धोका असा, की १४० संचांत मोलाचे थोडे आणि भरतीचे पुष्कळ असण्याची शक्यता असते, पण किंमत सगळ्यांची मोजावी लागते. लंडनच्या जॅक्स कंपनीने १८५१ च्या सुमारास काढलेल्या ‘हॅपी फॅमिलीज’ या, एकेका कुटुंबाचे पत्ते जमवण्याच्या, खेळाचे उदाहरण घेऊ. बन नावाचा बेकरीवाला, बोन्स नावाचा खाटीक, सूट नावाचा धुराडी झाडणारा अशांची १३ कुटुंबे, प्रत्येकात चार माणसे, म्हणजे एकूण ५२ पत्ते. हा खेळ पुढे अनेकदा पुन्हा छापला गेला, त्यामुळे चित्र ओळखीचे आहे एवढ्यावरून संचाचे वय ठरत नाही. दहापट भिंगाखाली पत्ता धरला, की एकोणिसाव्या शतकातील रंगीत शिळाछापात (दगडावरून केलेल्या छपाईत) हाताने दिलेल्या ठिपक्यांची अनियमित गर्दी दिसते. नंतरच्या ऑफसेट छपाईत तेच ठिपके नेमक्या जाळीत ओळीने बसलेले असतात. त्यातच एखादा पत्ता हरवलेला असेल, तर एक कुटुंब कधीच पूर्ण होत नाही आणि संचाचे मोल एकदम उतरते. मूळ डबी, नियमांचा कागद, दुमडलेले कोपरे, रबरबँड चिकटून राहिलेला तपकिरी वळ या सगळ्यांचा भावावर परिणाम होतो. मुलांच्या हातून वापरल्या गेलेल्या या वस्तू असल्यामुळे धड अवस्थेतील संच मुळातच कमी उरले आहेत. मोल आहे ते अशा संचांना, आणि १४० च्या गठ्ठ्यात ते किती आहेत हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

मागणीचाही विचार करावा. लहानपणी आपण जे खेळलो ते पुन्हा हाती यावे, या ओढीनेच बरेच संग्राहक खरेदी करतात. ती पिढी वयस्क झाली, की तिचे संग्रह एकापाठोपाठ विक्रीला येतात, तर घेणारे त्या प्रमाणात वाढत नाहीत. आपल्यासमोर आलेला प्रस्ताव हे त्याचेच उदाहरण आहे.

म्हणून वारसांना असे सुचवावे, की प्रत्येक संचातील पत्ते मोजून त्यांनी यादी द्यावी आणि त्यातले दहा-बारा संच आपल्याला निवडू द्यावेत. गठ्ठा फोडायचा नाही असा त्यांचा आग्रह असेल, तर आपल्या ओळखीच्या दोन-तीन संग्राहकांना बरोबर घेऊन वाटून खरेदी करता येईल. पैसे वर्षाच्या शिलकीतून द्यावेत आणि त्या शिलकीच्या दहाव्या हिश्श्यापुढे जाऊ नये. ठेवीला हात लावू नये. आपला जीव या पत्त्यांत आहे हे पत्रातून जाणवते, आणि त्या आनंदासाठी केलेल्या खर्चाला माझा मुळीच विरोध नाही.

आणखी एक काम आजच करावे. आपल्याकडे असलेल्या संचांची छायाचित्रांसह वही तयार करावी, प्रत्येकापुढे खरेदीची तारीख, किंमत व अवस्था लिहावी आणि ही वही कोठे आहे ते घरातल्यांना सांगून ठेवावे. माझ्या एका अशिलाच्या पश्चात, अशी नोंद नसल्याने, त्यांचा अर्धा संग्रह रद्दीच्या भावाने गेला. विम्यासाठीही हीच वही उपयोगी पडेल.