सरकारी अर्थतज्ज्ञ व्हायचे आहे, पण गणिताचे काय?

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी लातूरच्या महाविद्यालयात मराठी माध्यमातून अर्थशास्त्र घेऊन बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला सरकारी योजनांचे मूल्यमापन करणारी अर्थतज्ज्ञ व्हायचे आहे. हे काम नेमके काय असते, तिथवर कसे पोहोचता येते आणि त्याऐवजी तिने कलेक्टरची परीक्षा का देऊ नये, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नासाठी आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घेतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, आणि त्याच वर्षी पुढे पाऊसही चांगला झाला. जलयुक्त शिवार अभियानाची कामे त्या काळात चालूच होती. मग विहिरींचे पाणी वाढले असेल, तर ते नाला खोलीकरणामुळे की पावसामुळे? हा प्रश्न ग्रामसभेत कोणीही विचारील; पण त्याचे उत्तर काढायचे तर तसाच पाऊस, तशीच जमीन आणि तीच पिके असलेली, परंतु कामे न झालेली गावे शोधावी लागतात, दोन्हीकडची आधीची व नंतरची पाणीपातळी ताडून पाहावी लागते, आणि टंचाईची गावेच आधी निवडली गेली असतील तर सरळ तुलना फसवी ठरते, हेही ध्यानात ठेवावे लागते. (या अभियानावर 2020 मध्ये ताशेरे ओढणारा अहवाल ‘कॅग’चा, म्हणजे सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा होता. लेखापरीक्षकांची सेवा वेगळी आणि तिची परीक्षाही वेगळी.)

केंद्रात हे काम 1952 पासून नियोजन आयोगाची कार्यक्रम मूल्यमापन संघटना करीत असे. 2015 पासून ते नीती आयोगाच्या विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालयाकडे आहे. प्रत्यक्ष सर्वेक्षण पुष्कळदा बाहेरच्या संस्था करतात. अधिकाऱ्याने कामाची कक्षा ठरवायची, नमुना व प्रश्नावली तपासायची आणि आलेल्या अहवालातील कच्चे दुवे पकडायचे. ज्या खात्याची योजना उणी ठरते, त्याला तो निष्कर्ष रुचत नाही. म्हणून पुरावा जेवढा आहे तेवढेच, पण न कचरता लिहिणे, ही माझ्या मते या नोकरीतील सर्वांत अवघड गोष्ट आहे.

केंद्रातील मुख्य वाट भारतीय आर्थिक सेवेची (इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस). तिची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो. त्यासाठी अर्थशास्त्र किंवा त्याच्या ठरावीक शाखांतील पदव्युत्तर पदवी लागते आणि सर्वसाधारण गटासाठी वयोमर्यादा 30 वर्षे आहे. लेखी परीक्षा 1000 गुणांची, मुलाखत 200 गुणांची, आणि उत्तरे इंग्रजीतूनच लिहावी लागतात. जागा बहुतेक वर्षी 30 च्या आतच असतात. निवड झाली तरी नेमणूक कोणत्याही मंत्रालयात होऊ शकते. मूल्यमापनच मिळेल, असे आश्वासन कोणी देत नाही.

तेव्हा मुलीने आतापासून दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक गणित व संख्याशास्त्र, कारण चांगल्या एम. ए. मध्ये अर्थमिती, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचे शास्त्र, टाळता येत नाही. दुसरे इंग्रजी लेखन. मराठी माध्यम हा अडसर नाही, परंतु रोज एक पान स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत लिहिण्याची सवय आजच लावलेली बरी. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याची गोखले संस्था किंवा मुंबई विद्यापीठाचे ‘मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी’ यांचा विचार करावा.

सगळी भिस्त एकाच परीक्षेवर ठेवू नये. राज्याच्या नियोजन विभागाखालील अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ काढते. तेथे सहायक संशोधन अधिकारी, सांख्यिकी सहायक अशी पदे असतात. त्यांची पात्रता पदागणिक निराळी असल्याने जाहिरात नीट वाचूनच अर्ज करावा.

कलेक्टरच्या परीक्षेबद्दल एवढेच सांगतो की त्या पदावर योजना राबवायची असते आणि इथे ती तपासायची. आपल्या पत्रावरून मुलीचा ओढा तपासण्याच्या कामाकडे दिसतो. दोन्ही परीक्षांची तयारी एकदम करण्याचा आग्रह धरू नका, एम. ए. चे पहिले वर्ष गणिताला द्या, आणि त्याचा निकाल हाती आल्यावर पुन्हा जरूर लिहा.