कंसातलं गणित

लेस्टरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी १६ वर्षांची, जीसीएसई (इथली दहावीसारखी परीक्षा) नुकतीच झाली आहे आणि मरीन बायोलॉजीच शिकायचं म्हणून हटून बसलीये. पत्रात तीन काळज्या आहेत आणि एक कंस. ‘पुढे नोकरी कुठे मिळणार? भर समुद्रात बोटीवर मुलीने महिना महिना राहायचं म्हणजे जिवाला घोर नाही का? सांगलीला सासूबाई विचारतात, मासे मोजायला विलायतेत कशाला शिकायचं, त्यांना काय सांगू? (पुढच्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलला तिने बायोलॉजी, जॉग्रफी आणि आर्ट घेतलंय. गणित सोडलं. म्हणते, माशांना कुठे गणित लागतं.)’

अहो ताई, खरी काळजीची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीत!

बोटीचं आधी उरकते. संशोधनाच्या जहाजावर कुणी एकटं नसतं. जायच्या आधी डॉक्टरी तपासणी होते, पाण्यात जीव कसा वाचवायचा याचं प्रशिक्षण होतं. सासूबाईंना सांगा, गोव्यात दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आपल्याकडेही लोक हेच शिकतात. तेवढं पुरे.

आता गणित. माझी भाची ब्रिस्टलला वाढली. तिनेही १६व्या वर्षी गणित सोडलं. बहिणीने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘पोरीला आवडतंय ते करू दे.’ ते माझं चुकलं, म्हणून आज तुम्हाला इतक्या कळकळीने लिहितेय. पुढे विद्यापीठात मरीन बायोलॉजीचं पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी समुद्राच्या तळाचा चिखल आला. तो यंत्राच्या जबड्याने उचलायचा, एक मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरलेले किडे-शिंपले ओळखून मोजायचे. इथवर पोरगी हुशार. पण एका जागी ४० जीव मिळाले नि दुसऱ्या जागी २५, तर हा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरवायची वेळ आली आणि गाडी अडली. रात्री ११ वाजता फोन. ‘मावशी, मला सगळे जीव ओळखता येतात, पण त्यांच्यावरून काय म्हणायचं तेच कळत नाही.’ त्या उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने संख्याशास्त्र पहिल्यापासून केलं. रडत केलं. दोन वर्षांत शाळेत सावकाश झालं असतं ते.

माझं माहेर हर्णैचं. लहानपणी ढोम्याचं डोकं खाताना दोन पांढरे खडे निघायचे, ते धुऊन आम्ही काड्यापेटीत साठवायचो. ते माशाच्या कानातले खडे, हे मला भाचीने सांगितलं. थंड समुद्रातल्या कॉड माशाचा असाच खडा कापला तर आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, वर्षाला एक. शेकडो माशांची वयं अशी वाचायची, किती पकडले ते त्याच्याशी जुळवायचं आणि पाण्यात किती उरले याचा अंदाज बांधायचा. समुद्र काही उपसून मोजता येत नाही, सासूबाई!

हा अंदाज चुकला तर काय होतं? १९८०च्या दशकात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला कॉड किती उरलाय याचा अंदाज फार जास्त धरला गेला. बोटींची जाळी भरत होती, म्हणजे मासा भरपूर आहे असं वाटलं. खरं तर उरलेला मासा गोळा होऊन राहिला होता आणि बोटींची साधनं सुधारली होती. जुलै १९९२ मध्ये कॅनडाला ती मासेमारी बंद करावी लागली, सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. त्यात आपल्या हर्णैसारखीच गावं होती, म्हणून मला ते वाचताना पोटात तुटतं. आणि तुमची लेक म्हणते माशांना गणित लागत नाही.

नोकरीचं उत्तरही यातच आहे. इंग्लंडच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहतायत. मोठा प्रकल्प असला की आधी तळाची, माशांची, पक्ष्यांची पाहणी करावीच लागते. माझी भाची आज तेच करते. वर्षातले काही आठवडे बोटीवर, बाकी सगळे दिवस आकड्यांसमोर. लोवेस्टॉफ्टला मत्स्यसाठ्यांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे, टॉन्टनला समुद्राचे नकाशे होतात. १९३१ पासून व्यापारी जहाजांच्या मागे एक पेटी ओढायला देतात, ते काम आता प्लिमथहून चालतं. आतल्या रेशमी जाळीवर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, अडकतात आणि जाळीच्या एकेका तुकड्यावरून दर १० सागरी मैलांचा हिशेब लागतो. डॉल्फिनमागे पोहायच्या नोकऱ्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. सुरुवातीची कामं बहुतेक ठरावीक मुदतीची असतात, पगार शेजारच्या आयटीवाल्यासारखा नसतो. ते आधीच मान्य करा, म्हणजे दर दिवाळीला तो विषय निघणार नाही.

आणि तुम्हालाही थोडं रागावते. डॉक्टर व्हायचं म्हणाली असती तर विषय निवडताना तुम्ही शाळेत चार खेपा घातल्या असत्यात. समुद्र म्हणाली म्हणून ‘बघू’ म्हणून सोडून दिलंत. आपण सगळे इथे दोन बॅगा घेऊन आलो, पोटापाण्याची भीती आपल्या हाडात मुरलीये, मला कळतं. पण त्या भीतीपायी मुलीच्या आवडीकडे नीट बघायचंच राहून जातं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत बऱ्याच शाळा विषय बदलू देतात. जॉग्रफी किंवा आर्टच्या जागी गणित घेता येईल का ते विचारा. चित्रं तिला शनिवार-रविवारीही काढता येतील, आणि शिंपल्यांची रेखाटनं करणारा हात प्रयोगशाळेत फार कामाचा असतो. पूर्ण ए-लेव्हल झेपणार नसेल तर ‘कोअर मॅथ्स’ आहे का ते पाहा, त्यात संख्याशास्त्र असतं. तिला ओशनोग्राफी, म्हणजे लाटा, प्रवाह, खारेपणा यांच्याकडे वळायचं असेल तर मात्र बऱ्याच विद्यापीठांत गणित नाहीतर फिजिक्स मागतात, तिथे पळवाट नाही.

भाचीशी बोलायचं असेल तर सांगा, मी जोडून देते. रविवारी ती घरी असते, आणि गणिताचा विषय काढला की तासभर फोन ठेवत नाही.